डेव्हनपोर्टमध्ये रात्री काय असतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पुण्याहून जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या कामासाठी इथे येणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला हिवाळा तुमच्यासारखाच जातो. त्यांनाही याचा उपयोग होईल.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्वाड सिटीजमध्ये, म्हणजे अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवरच्या आमच्या पाच गावांत, रात्री कुठे जावं यावर मी लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही जानेवारीतल्या एका शनिवारी बायको आणि मुलीला घेऊन निघालात. मोलीनमध्ये नऊ वाजता रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पूल ओलांडून डेव्हनपोर्टला आलात, तर बार सोडून काही उघडं दिसलं नाही. नदीकाठी गेलात, तर तिथे अंधार आणि रिकामं मैदान. गाडीशिवाय कुठे जायची सोय नाही. अशा गावाच्या रात्रीचं कौतुक करणं म्हणजे वाचकांची दिशाभूल आहे, रात्र बघायची तर सरळ शिकागो गाठावं, असं तुम्ही लिहिलंत.

तुम्ही जे पाहिलं ते खरंच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

पुण्यात आपण आधी बाहेर पडतो आणि मग काय करायचं ते ठरवतो. रस्त्यावर गर्दी असतेच, तिच्याबरोबर चालत राहिलं की काही ना काही सापडतं. इथे आधी बेत ठरवावा लागतो. आयोवाच्या बाजूला डेव्हनपोर्ट आणि बेटनडॉर्फ, इलिनॉयच्या बाजूला मोलीन, ईस्ट मोलीन आणि रॉक आयलंड, मधून मिसिसिपी. आजूबाजूचा भाग धरूनही वस्ती पावणेचार लाखांच्या आसपास. त्यातलं सगळ्यात मोठं डेव्हनपोर्ट जेमतेम एक लाखाचं, आणि तरी प्रत्येक गावाला आपापलं डाउनटाउन! मुळात थोडे लोक, तेही पाच ठिकाणी वाटलेले. शिवाय हा पट्टा कारखान्यांचा. माणसं पहाटे उठून कामाला लागतात आणि साडेपाच-सहाला जेवतात. नऊच्या सुमारास बहुतेक ठिकाणची किचन्स बंद होतात. त्यामुळे 'नऊला रस्त्यावर कोणी नव्हतं' यावरून लोक रात्री बाहेरच पडत नाहीत असं होत नाही. ते सातलाच कुठल्या तरी दारातून आत गेलेले असतात.

त्यातून तुम्ही निवडलात जानेवारी. मोलीनमध्ये ३१ जानेवारी २०१९ला पारा उणे ३६ सेल्सिअसवर गेला होता. दरवर्षी एवढं होत नाही, पण इथला हिवाळा रस्त्यावर रेंगाळण्याचा नाही. त्या दिवसांत मोलीनच्या व्हायब्रंट अरेनात क्वाड सिटी स्टॉर्म या संघाचे आइस हॉकीचे सामने असतात. बाहेर रस्ता ओस पडलेला असताना आत हजारो माणसं ओरडत असतात. तुम्ही त्या इमारतीवरून गेलाही असाल.

आता नदीकाठच्या रिकाम्या मैदानाबद्दल. हे थोडं लांबेल, कारण या गावाची रात्र अशी का आहे त्याचं बरंचसं उत्तर त्या मैदानात आहे. डेव्हनपोर्टला पुराची कायमची भिंत नाही. समोर रॉक आयलंडला आहे. डेव्हनपोर्टने ती बांधायची नाही असं ठरवलं, कारण भिंत झाली की गावातून नदी दिसेनाशी होते. मग काठावर काय ठेवायचं? पाणी आलं तरी फारसं नुकसान होणार नाही अशाच गोष्टी: बाग, गवत, गाड्या लावायची जागा. त्याची किंमत गावाने मोजली आहे. ३० एप्रिल २०१९ला दुपारी पर्शिंग अव्हेन्यूजवळचे तात्पुरते बांध फुटले आणि डाउनटाउनच्या रस्त्यांवर पाणी शिरलं. दोन दिवसांनी नदीची पातळी २२.७ फुटांवर गेली, आजवरची सर्वात उंच. तुम्हाला उघडे दिसलेले बार त्याच भागात आहेत. तिथले कित्येक धंदे महिनोन् महिने बंद राहिले, काही पुन्हा उघडलेच नाहीत. हे सगळं पाहूनही भिंत नको असंच मला वाटतं. दुकानदाराच्या जागी मी असते, तर कदाचित वेगळं बोलले असते. पण त्या काठावर सगळ्यांना फुकट, रात्री कधीही, अख्खी मिसिसिपी समोर मिळते. लक्लेअर पार्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी नुसतं बसा. धान्य वाहणाऱ्या सपाट बोटींचा, म्हणजे बार्जेसचा, ताफा येतो, कधी कधी त्यांना ढकलणाऱ्या एका टोबोटीपुढे पंधरा बार्ज असतात, सगळे मिळून जवळजवळ बाराशे फूट लांब. समोरचा लॉक नंबर १५, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारं दारांचं कुंड, आहे सहाशे फुटांचा. मग ताफा तोडून दोन खेपांत पलीकडे न्यावा लागतो. त्यासाठी लॉकवरून जाणारा १८९६चा गव्हर्नमेंट ब्रिज सावकाश गोल फिरतो. वर रेल्वे, खाली मोटारी, आणि हे दोन्ही मजले एकदम फिरतात. अंधारात टोबोटीचे प्रकाशझोत पाण्यावरून फिरत असतात. मुलगी लहान असेल, तर तिला हे आधी दाखवा.

त्याच काठावर मॉडर्न वुडमन पार्क आहे, १९३१चं बेसबॉल स्टेडियम. एप्रिल ते सप्टेंबर तिथे रिव्हर बँडिट्स या इथल्या संघाचे सामने होतात. बेसबॉल कळत नसेल तरी जा. मैदानाच्या अगदी पलीकडे सेंटेनियल ब्रिजच्या पाच कमानी दिव्यांनी उजळलेल्या असतात, आवारातच ११० फुटांचा फेरीस व्हील आहे. लोक पोराबाळांसकट, आजी-आजोबांसकट येतात. कोणी सामना बघतं, कोणी पाळण्यात बसतं, बरेच जण नुसते गप्पा मारतात. मोठा पूर आला की या स्टेडियमचं बेट होतं, आणि एवढ्यातेवढ्या पाण्यात तात्पुरत्या पुलावरून प्रेक्षकांना आत नेऊन सामने खेळवतात. परतताना एक लक्षात ठेवा: गाव आणि काठ यांच्या मधून मालगाडीचे रूळ जातात. दोन रेल्वे कंपन्या २०२३मध्ये एक झाल्यापासून या मार्गावर गाड्या वाढल्या आहेत. गाडी आडवी आली तर थांबावं लागतं. मुलांना झोप आली असेल, तर शेवटची इनिंग सोडून निघा.

बार सोडून काही नाही, या तुमच्या म्हणण्याला तर मी ठाम नाही म्हणेन. निदान मराठी माणसाने तरी इथली नाटकं चुकवू नयेत. रॉक आयलंडच्या लिंकन पार्कमध्ये जेनेसियस गिल्ड नावाची मंडळी १९५०च्या दशकापासून उन्हाळ्यात उघड्यावर नाटकं करतात: शेक्सपिअर, ग्रीक शोकांतिका. शनिवार-रविवार, तिकीट नाही. घरून चटई आणि डबा न्या. त्याच गावात सर्का ट्वेंटी-वन हे थिएटर आहे, १९७७पासून. आधी जेवण, मग नाटक. जे वाढतात तेच पडदा उघडायच्या आधी स्टेजवर येऊन गातात. डेव्हनपोर्टचं ॲडलर थिएटरही १९३१चं, आधी सिनेमागृह होतं, १९८६पासून नव्या नावाने चालू आहे. तिथे दौऱ्यावरची मोठी म्युझिकल्स येतात. आतलं आर्ट डेको शैलीतलं सजावटीचं काम बघायला थोडं लवकर जा.

संगीताचं तर विचारूच नका. जॅझ वादक बिक्स बायडरबेक १९०३मध्ये याच डेव्हनपोर्टमध्ये जन्मला. नदीतून वर येणाऱ्या बोटींवरचे जॅझ बँड त्याने इथेच ऐकले. अठ्ठाविसाव्या वर्षी गेला, पण आजही त्याच्या नावाने दर उन्हाळ्यात जॅझचा महोत्सव भरतो. आणि हा नुसता जुना वारसा नाही. गाव इंटरस्टेट ८० या महामार्गावर आहे. शिकागोहून पश्चिमेला निघालेल्या बँडना मधला मुक्काम लागतोच. हे ओळखून २००६मध्ये रॉक आयलंडमध्ये डेट्रॉटर सुरू झालं. वाटेत थांबलेल्या बँडची गाणी तिथे ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर देत. आज डेव्हनपोर्टच्या सेकंड स्ट्रीटवर रॅकून मोटेल आहे. नावावर जाऊ नका, ती गाणी ऐकायची छोटी खोली आहे. शिकागोत ज्यांना दुरून बघावं लागतं, असे गायक तिथे चार हातांवर उभे असतात. इथे राहण्याचा हा फायदा शिकागोकरांना मिळत नाही. तीन तास गाडी हाकून तिकडे जरूर जा, मीही जाते. पण तिकडे आपण प्रेक्षक असतो. इथे दुसऱ्यांदा गेलं की दारावरचा माणूस ओळखतो.

कसिनोचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून सांगते. १ एप्रिल १९९१ला आयोवात देशातला पहिला आधुनिक बोटीवरचा जुगार सुरू झाला, तो इथूनच. तेव्हा बोट खरोखर नदीत फिरायची. डेव्हनपोर्टचा कसिनो २०१६मध्ये हायवेजवळ जमिनीवर गेला. मला तिथे जावंसं वाटत नाही. त्याला रात्र असो की दिवस, नदी असो की नसो, काही फरक पडत नाही.

जेवणाचं म्हणाल, तर क्वाड सिटीज पिझ्झा खाल्ल्याशिवाय या गावाबद्दल मत बनवू नका. पिठात माल्ट असतं, त्यामुळे कडा खमंग, जराशा गोडसर आणि गडद होतात. सॉस तिखट असतो, आपल्या जिभेला पटणारा. पिझ्झा त्रिकोणी न कापता कात्रीने लांब पट्ट्यांमध्ये कापून देतात. शाकाहारी असाल तर एक सांगते: इथे सॉसेजचा चुरा चीजच्या खाली पसरतात. 'वरचं काढून खाऊ' हा उपाय चालत नाही. ऑर्डर देतानाच सांगावं लागतं.

गाडीचा मुद्दा मात्र तुमचा शंभर टक्के बरोबर आहे. रात्री बसच्या भरवशावर राहता येत नाही, टॅक्सीही मागितली की मिळेलच असं नाही. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसांचे यात हाल होतात आणि त्याची मला खरंच चीड येते. तुमच्यासारख्यांनी एक गोष्ट काटेकोर पाळावी: प्यायला जाताना न पिणारा एक जण आधीच ठरवा. रक्तात अल्कोहोलची मर्यादा दोन्ही राज्यांत ०.०८ आहे. आपण व्हिसावर असतो. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, तरी कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. पुलाच्या दोन टोकांना दोन राज्यांचे कायदे आहेत हेही विसरू नका. इलिनॉयमध्ये २०२०पासून गांजा दुकानात मिळतो, आयोवात तो गुन्हा आहे. आणि केंद्राच्या कायद्याने नागरिक नसलेल्याला तो दोन्हीकडे महागात पडू शकतो. ऑफिसातल्या नव्या मुलांना हे कोणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

तुमच्या पत्नीला रात्री बाहेर भीती वाटली, असंही तुम्ही लिहिलंत. रिकाम्या रस्त्याची भीती वाटणं अगदी साहजिक आहे, मलाही वाटते. म्हणून मी कार्यक्रमाच्या दाराशी गाडी लावते, कार्यक्रम सुटल्यावर सगळ्यांबरोबरच बाहेर पडते. आयोवात बार दोनला बंद होतात, त्या सुमारास डाउनटाउनमध्ये थांबत नाही. एवढं पाळून मी इथे मैत्रिणींबरोबर मोकळेपणाने फिरते.

आता पुढच्यासाठी. जेवणानंतर शतपावलीची सवय असेल, तर मे महिन्यात आय-७४ महामार्गाच्या नव्या पुलावर जा. चालायची वेगळी वाट आहे, मध्यावर पायाखाली गोल काच बसवली आहे, तिच्यातून थेट खालचं पाणी दिसतं. सूर्य मावळताना पोहोचा, म्हणजे उतरताना कमानींचे दिवे लागलेले असतील. जून-जुलैत लिंकन पार्कचं नाटक. आणि रिव्हर बँडिट्सच्या एखाद्या शुक्रवारच्या सामन्याला आम्ही दोन-तीन मराठी घरं मिळून जातो. तारीख ठरली की इथेच कळवीन. तुमची तीन तिकिटं धरू का, तेवढं सांगा.