डुब्बुक

बायकोनं तिसऱ्या मजल्यावरून स्कूटीच्या किल्ल्या फेकल्या, मी ओंजळ धरली, आणि किल्ल्या माझ्या डोक्यावरून जाऊन तळमजल्यावरच्या गुरुजींच्या ड्रमात पडल्या. डुब्बुक. कूलरसाठी काठोकाठ भरलेला 200 लिटरचा निळा ड्रम. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात भाजणारे नऊ दिवस, सुरू, ऑफिसला उशीर आणि लिफ्ट दीड महिन्यापासून बंद. मेंटेनन्स मात्र 5 तारखेच्या आत भरायचा. जाऊ द्या.

बाही सरकवून खांद्यापर्यंत हात घातला. वीतभर कमी पडला. ड्रम कलंडवणार, तोच गुरुजी बनियनवर बाहेर आले. आयुष्यभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेला माणूस.

"थांबा ना जी! पाणी नका सांडू, उद्या सकाळशिवाय नळ नाही. आधी सांगा, पडली कशी?"

"वरून पडली."

"वरून तं पडलीच. पण भिंतीपासून इतकी दूर काऊन आली?"

मला किल्ली पाहिजे होती, त्यांना कारण. त्यांनी भिंतीपासून ड्रमापर्यंत पावलं मोजली, 4.3 मीटर ठरवले आणि गॅलरीकडे मान करून ओरडले, "सूनबाई, फेकताना हात किती अंशात होता?"

"आडवाच होता! यांनाच कॅच घेता येत नाही!"

"आडवा! म्हणजे सुरुवातीचा उभा वेग शून्य!" गुरुजींना लॉटरी लागली.

मग विटेच्या तुकड्यानं फरशीवर गणित. वेगाचे दोन घटक पाडायचे, एक आडवा, एक उभा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात दोन भावांच्या दोन चुली असतात तसे. राहतात एकत्र, बोलत नाहीत. गुरुत्वाकर्षण फक्त उभ्याच्या घरी जातं, आडव्याला त्याचं सोयरसुतक नाही. उंची धरली 10 मीटर. "गुरुत्वाकर्षणाचा जी 9.8 बरं का जी!" वेळ आला 1.43 सेकंद. 4.3 ला त्यानं भागलं की आडवा वेग 3 मीटर प्रति सेकंद.

"सूनबाईनं 2 नं फेकली असती तं 2.9 मीटरवर पडली असती. तुमच्या ओंजळीत! गॅलिलिओनं 1638 सालीच छापून ठेवलं आहे हे." जणू ते न वाचता खाली उतरलो हाच माझा गुन्हा. "अन् खाली येईस्तोवर उभा वेग 14. ताशी 50 किलोमीटर!"

एवढी तर माझी स्कूटी वर्धा रोडवर पळत नाही. तेच जुडगं टाळक्यात बसलं असतं तर काय, हा प्रश्न खाली वा वर कोणालाच पडला नाही. दोन पोरं, दूधवाला आणि समोरच्या काकू मात्र फरशीवरचं गणित मन लावून पाहत होत्या. त्या ड्रमात एकानंही हात घातला नाही.

ओली बाही घेऊन तीन जिने चढलो. धापा टाकत डुप्लिकेट किल्ली मागितली.

"ती त्याच जुडग्यात आहे ना," बायको म्हणाली.

खालून गुरुजींचा आवाज आला, "हवेचा रोध नाही धरला बरं का! थोडा फरक पडंल!"