‘पोट फाडू देऊ नका’ : स्वादुपिंडाजवळच्या गाठीबद्दलच्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. स्वादुपिंडाजवळ गाठ निघाली तर पोट फाडू देऊ नका, दुर्बिणीतून करा, तीन दिवसांत घरी. पोट उघडलं की हवा लागून कॅन्सर पसरतो. दुर्बिणीवाला डॉक्टर मिळेपर्यंत थांबा. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे उत्तर.

‘दुर्बिणीतून म्हणजे छोटं ऑपरेशन.’ पित्ताशयातले खडे काढताना हे खरं असतं, आणि लोक तोच अनुभव इथं लावतात. पण गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात किंवा पित्तनलिकेच्या तोंडाशी असेल, तर व्हिपल नावाचं ऑपरेशन करावं लागतं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बऱ्याचदा जठराचा तुकडा काढायचा. मग स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर तिन्ही नव्यानं आतड्याला जोडायचे. चिरा केवढाही असो, आतलं काम तेवढंच. खरी धास्ती असते ती स्वादुपिंडाच्या जोडाची. स्वादुपिंड मऊ आणि त्याची नळी बारीक असली की जोड गळण्याची भीती वाढते. गळला तर पाचक रस पोटात सांडतो, कधी शेजारची रक्तवाहिनी खाऊन रक्तस्राव होतो. दुर्बिणीनं ही गळती टळत नाही.

‘तीन दिवसांत घरी.’ कोइम्बतूरच्या जेम हॉस्पिटलमध्ये डॉ. पलनिवेलू यांच्या टीमनं ६४ पेशंटांवर केलेली तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दुर्बिणीवाले साधारण ७ दिवसांत घरी गेले, पोट उघडलेले १३ दिवसांत. हा फायदा खरा आहे, आणि तो आपल्याच देशातला आहे. पण ते हात दुर्बिणीत मुरलेले. नेदरलँड्समध्ये अशीच तुलना चालू असताना सुरक्षा समितीच्या सल्ल्यावरून ती मध्येच थांबवावी लागली. ९० दिवसांत गुंतागुंतीमुळे दुर्बिणीच्या ५० पेशंटांपैकी ५ दगावले, पोट उघडलेल्या ४९ पैकी १. आकडे लहान आहेत, फरक योगायोगाचाही असू शकतो. पण दुर्बिणीवाले लवकर बरे झाले असंही तिथं दिसलं नाही. मग २०२१ मध्ये चीनमधली ६५६ पेशंटांची तुलना आली. तिथं अशी किमान १०४ ऑपरेशनं दुर्बिणीतून केलेलेच सर्जन घेतले होते. मृत्यू दोन्हीकडे सारखे, मुक्काम १५ विरुद्ध १६ दिवस. तीन दिवस कुणाचेच नाहीत.

गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडे असेल तर गोष्ट वेगळी. तिथं जोडकाम नसतं आणि दुर्बिणीतून पेशंट बऱ्याचदा लवकर सावरतो. मेसेजनं डोकं आणि शेपूट एकाच मापात मोजलंय.

‘हवा लागली की पसरतो.’ नाही. हा समज येतो तो असा : कधी कधी पोट उघडल्यावर आजार आधीच यकृतात पसरलेला दिसतो, सर्जन गाठ न काढता पोट शिवतात, पुढे पेशंट खालावतो आणि घरचे दोष हवेला देतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनातही पोट वायूनं फुगवतातच, आणि काढलेली गाठ चिऱ्यातूनच बाहेर येते. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली दिसली म्हणून सर्जननं दुर्बीण सोडून पोट उघडलं, तर ते त्याचं अपयश मानू नका. पेशंटसाठी तेच शहाणपणाचं असतं.

आणि ‘थांबा’. अशा गाठीत पुष्कळदा आधी कावीळ दिसते, न दुखणारी : डोळे पिवळे, अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढरट. आपल्याकडे आधीच काविळीच्या झाडपाल्याच्या औषधात आठवडे जातात. त्यावर दुर्बिणीचा शोध घेत आणखी महिना घालवला, तर काढता येणारी गाठ न काढता येणारी होऊ शकते.

शोधायचाच असेल तर अनुभव शोधा. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वादुपिंडाची अशी ऑपरेशनं वर्षाला एखादंही जेमतेम होणाऱ्या हॉस्पिटलांत सुमारे १६ टक्के पेशंट दगावले. वर्षाला १६ हून जास्त होणाऱ्या हॉस्पिटलांत ४ टक्क्यांच्या आत. जत असो की अथणी, मिरजेला तपासायला येणाऱ्या प्रत्येक घरानं सर्जनला विचारावं : तुमच्याकडे वर्षाला किती व्हिपल होतात? त्यातली दुर्बिणीतून किती? जोड किती जणांचा गळतो? मध्यरात्री रक्तस्राव झाला तर तो थांबवायची सोय इथंच आहे, की पेशंट पुण्याला हलवावा लागेल?