आव्हान करण्यात येते की…

अभिनंदन. दीक्षांत समारंभाच्या स्वयंसेवक समितीचे समन्वयक म्हणून तुमच्या नेमणुकीचं पत्र आज निघालं. पत्रावर तारीख गेल्या सोमवारची आहे आणि समितीची पहिली बैठक शनिवारीच झाली, पण त्याकडे दुर्लक्ष करा. विद्यापीठात हे चालायचंच. आधी सोबतचा तक्ता बघून घ्या. मांडव समितीपुढे मांडवाची रक्कम लिहिलेली आहे, भोजन समितीपुढे भोजनाची, सत्कार समितीपुढे शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्हांची. तुमच्या समितीपुढे लिहिलंय ‘१५० विद्यार्थी’ आणि शेजारच्या रकान्यात ‘निरंक’. छपाईची चूक असेल म्हणून लेखा विभागात जाऊ नका. तिथे हसतात.

मी या कामात जुना. सोळा वर्षं समन्वयक आणि त्याआधी चार वर्षं दुसऱ्या बाजूला, म्हणजे खुर्च्यांच्या बाजूला. तेव्हा चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे. अर्थात हे शब्दही मानद आहेत.

सुरुवात सूचनेपासून करू. फलकावर लागणाऱ्या सूचनेत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे: ‘सर्व विद्यार्थ्यांना आव्हान करण्यात येते की, त्यांनी बहुसंख्येने स्वयंसेवक म्हणून नावे नोंदवावीत.’ मराठी विभागातलं कुणीतरी दरवर्षी येतं आणि सांगतं की इथे ‘आवाहन’ हवं, ‘आव्हान’ कुस्तीत देतात. त्यांचं ऐकून घ्या, चहा पाजा आणि सूचना आहे तशीच लावा. पहाटे सहाला हजर व्हायचं, शेवटचा पाहुणा गाडीत बसेपर्यंत उभं राहायचं, जेवायचं सगळ्यांच्या मागून, तेही कूपन उरलं तर. याला आवाहन कसं म्हणायचं? आख्ख्या परिपत्रकात खरा असा हा एकच शब्द, तोही चुकून पडलेला. राहू द्या.

मराठी भाषा या कामाला फार सोयीची आहे, फक्त शब्द फोडता यायला हवेत. ‘स्वयंसेवक’ म्हणजे स्वतःहून सेवा करणारा, हा अर्थ कोशात असू द्या. आपल्या उपयोगाचा अर्थ म्हणजे स्वतःची सेवा स्वतः करणारा. पाण्याची बाटली घरची, पेट्रोल खिशातलं, पांढरा शर्ट मावसभावाचा, मोबाइलचा डेटा स्वतःचा. दुसरा शब्द ‘मानधन’. हा सरळ द्वंद्व समास आहे. मान पाहुण्यांना आणि धन मांडववाल्याला दिलं की समास सुटतो आणि मुलांसाठी काही शिल्लक राहत नाही.

सक्ती मात्र कधीही करायची नाही. ‘ऐच्छिक’ हा शब्द प्रत्येक कागदावर ठळक हवा. तुम्ही फक्त हजेरी घ्या. न आलेल्यांची नावं एका लाल वहीत लिहून ठेवा आणि ती कशासाठी लिहिताय ते कुणालाही सांगू नका. मुलांना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. मुलं हुशार असतात. पुढचं त्यांचं ती समजून घेतात.

कुणी कायदा काढलाच, तर तयारी असावी म्हणून सांगतो. राज्यघटनेचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती तेव्हा, १९८२ साली, सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत कुणाकडून काम करून घेतलं तर तीही सक्तीची मजुरीच. विधी विभागाच्या मुलांना हा निकाल पाठ असतो, म्हणून त्यांना पार्किंगला लावावं. तिथे शिट्टी तोंडात असते, बोलता येत नाही. शिवाय तो निकाल मजुरांचा. तुमच्याकडे मजूर आहेतच कुठे? तुमच्याकडे आहे ‘विद्यापीठ परिवार’. पहिल्या बैठकीत तेवढं एक वाक्य टाका: ‘घरात आई काम करते, ती कधी पगार मागते का?’ सभागृह गप्प होतं. एखाद्या वर्षी मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘सर, द्यायला हवा ना पण?’ ती मुलगी बहुधा स्त्री अभ्यास केंद्राची असते. तिला रांगोळीला लावा.

कामाला नाव काय देता यावर सगळं अवलंबून असतं. याच राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि खड्डा खणणाऱ्याला मजुरी मिळणं हा त्याचा हक्क ठरवला. पुढे देशानेही तसा कायदा केला आणि त्या योजनेत २०२५-२६ साली महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आता विद्यापीठाच्या आवारात या. जमीन तीच, कुदळ तीच, पाठीतली कळही तीच. खणणाऱ्याच्या गळ्यात फक्त ओळखपत्र अडकवायचं. त्याबरोबर मजुरीचं श्रमदान होतं आणि ३१२ रुपये जागच्या जागी वाचतात. ओळखपत्राचे पैसे मुलांकडूनच घ्या, म्हणजे त्यांना त्याची किंमत राहते.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं हा तुमचा खरा आधार. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि वर सात दिवसांचं शिबिर, असा तिचा हिशेब आहे. पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या जागी उरलेल्या पत्रावळी वाकून वाकून उचलणारी ही मुलं मी पाहिलेली आहेत. त्यांची चेष्टा माझ्याच्याने होणार नाही. पण नेमकी म्हणूनच ती तुमच्या उपयोगाची. ज्याला पत्रावळ उचलायची लाज वाटत नाही, तो खुर्ची उचलायला कशाला लाजेल? दैनंदिनीत खुर्च्या मांडल्याचे तास ‘श्रमसंस्कार’ म्हणून लिहा, गुच्छ घेऊन दोन तास उभं राहिल्याचे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणून आणि प्रमुख पाहुण्यांचा चालक शोधून आणल्याचे ‘आपत्ती व्यवस्थापन’ म्हणून. वर्षाचे १२० तास बघता बघता भरतात, गावात जायलाही लागत नाही. योजनेचं ब्रीदवाक्य आहे ‘नॉट मी, बट यू’. खुर्च्यांचा ट्रक दारात येऊन उभा राहिला आणि कोण उतरवणार असा प्रश्न निघाला, की मुलांकडे बोट दाखवून ते मराठीत म्हणावं: मी नव्हे, तुम्ही.

ज्यांना गावसेवेची आवड नाही त्यांच्यासाठी श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात स्वच्छ भारतची इंटर्नशिप निघाली, तेव्हा शंभर तासांच्या कामाला दोन श्रेयांक देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने दिली होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर कामाच्या जागेवरचं प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प, सामाजिक सहभाग असं सगळंच अभ्यासक्रमात आलं. म्हणजे आता काम करणारा फी भरून काम करतो. इतकी वर्षं हे आपल्याला सुचलं नाही याचं मला वाईट वाटतं. श्रेयांक हा शब्दही फोडून घ्या. अंक मुलाचे, श्रेय तुमचं.

आता हमीपत्र. यात घाई करू नका, हा तुमच्या कामाचा गाभा आहे. ज्याला एक रुपया द्यायचा नाही त्याच्याकडून किती सह्या घेता येतात हे पाहिल्यावर तुम्हालाच आश्चर्य वाटेल. मी स्वखुशीने सहभागी होत आहे, सही. कामादरम्यान इजा झाल्यास विद्यापीठ जबाबदार राहणार नाही, सही. विद्यापीठाच्या वस्तूला इजा झाल्यास मी जबाबदार राहीन, सही. (ही दोन वाक्यं लागोपाठ ठेवा, वाचायला छान वाटतात.) मोबदल्याची मागणी आता किंवा भविष्यात करणार नाही, सही. शेवटी पालकांची सही, म्हणजे लातूरला किंवा नंदुरबारला असलेल्या वडिलांची. ती वसतिगृहातला शेजारी करतो. मी कायम नोकरीत रुजू झालो तेव्हा याच्या निम्म्याही सह्या केल्या नव्हत्या, आणि मला तर पगार मिळणार होता.

फोटो विसरू नका. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कागदपत्रांत हल्ली जिओटॅग केलेले फोटो लागतात, अक्षांश-रेखांशासकट. त्यामुळे झाड लावण्यापूर्वी बॅनर कुठे लागणार ते ठरवा. रोप बॅनरच्या आड आलं तर चालतं, बॅनर रोपाच्या आड जाता कामा नये. मुलांनी हसावं, पण दमल्यासारखंही दिसावं. खरोखर दमलेल्यांना मागे उभं करा, त्यांना हसता येत नाही.

दीडशे मुलं कमी पडली तर वरच्या मजल्यावर जा. तिथे पीएच.डी. करणारे आणि तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक बसलेले असतात. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार असं सुचवलं होतं. तो कागद तुम्ही वाचला असेल, तर तासिकावाल्यांसमोर वाचल्याचं दाखवू नका. त्यांची मौज अशी की पैसे शिकवलेल्या तासाचेच मिळतात. साहजिकच तासाबाहेरचा त्यांचा सगळा वेळ विद्यापीठाला फुकट सापडतो. नॅकची फाइल, निमंत्रणाचा मसुदा, पदव्यांच्या याद्या तपासणं, सूत्रसंचालन, काहीही द्या. ‘जागा निघाल्या की आधी तुमचाच विचार होणार’ एवढं म्हणा. मी हे वाक्य एकाच गृहस्थांना सलग नऊ वर्षं म्हणत आलो. आता ते माझ्याकडे पाहून आधीच मान डोलावतात, मला वाक्य पूर्ण करावं लागत नाही.

समारंभाच्या दिवशी तुम्हाला फारसं काही करायचं नसतं. हातात वॉकीटॉकी घेऊन वेगाने चालत राहा. मुलं कुठे उभी आहेत, कधीपासून उभी आहेत, याची चौकशी केलीत तर ती तुम्हाला सांगतील, तेव्हा करू नका. कार्यक्रम दोन तास लांबतो. लांबच्या गावच्या मुलींची शेवटची एसटी साडेसातला सुटते, ही माहिती तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवा.

आभारप्रदर्शनात स्वयंसेवकांचे आभार ‘ज्ञात-अज्ञात हातांचे’ या सदराखाली मानायचे. आता त्या दीडशे जणांची नावं, वर्ग, रक्तगट आणि दोन दोन मोबाइल क्रमांक तुमच्याकडे एक्सेलमध्ये आहेत, तरीही ते अज्ञात. मात्र संध्याकाळी एक माइक हरवला, की तिथे कोण उभं होतं हे पाच मिनिटांत ज्ञात होतं.

राहता राहिलं प्रमाणपत्र. ते समारंभानंतर चार-पाच महिन्यांनी, परीक्षेच्या तोंडावर वाटावं. नाव स्केच पेनने लिहिलेलं असावं. माझं स्वतःचं अजून आहे. त्यावर ‘श्री./कु./सौ.’ असं छापलंय आणि त्यातलं काहीच खोडलेलं नाही. गेली सव्वीस वर्षं मी तिन्ही आहे.

एका मुलाबद्दल मात्र सावध करून ठेवतो, कारण असा एक दर वर्षी भेटतो. मला भेटलेला परभणीकडचा होता, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. फॉर्म भरायला तयारच होईना. मी परिवार सांगितला, आई सांगितली, श्रेयांक सांगितले. तो अदबीने म्हणाला, ‘सर, त्या दिवशी मला केटरिंगला जायचंय. साडेचारशे देतात आणि रात्री रूमवर सोडतात.’ मी लाल वहीत त्याचं नाव लिहिलं.

समारंभ झाला, आणि दुपारी सव्वातीनला मी पाहुण्यांच्या मागोमाग भोजनकक्षात शिरलो. तिथे काळं जाकीट आणि गळ्यात बो घालून तो उभा होता. कंत्राटदार आमचाच, बिल आमच्याच लेखा विभागातून निघणार होतं. त्याने मला ओळखलं, वाकून नमस्कार केला आणि माझ्या ताटात दोन गुलाबजाम वाढले. साडेचारला माझी स्वयंसेवक मुलं कुपनं घेऊन रांगेत आली, तेव्हा पनीर संपलं होतं आणि वरण तळाला लागलं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, टेबलाखालून झाकून ठेवलेलं एक पातेलं वर काढलं आणि प्रत्येकाला विचारून विचारून वाढायला लागला.