चार केबीत चंद्र

इंदुरात जेल रोडवरच्या एका दुकानात काल एका अनोळखी काकांनी चंद्राचं नाव घेऊन माझा अपमान केला. राग अजून पुरता उतरलेला नाही.

काम साधं होतं. पीसीसाठी डीडीआर५ रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी नव्या पिढीची मेमरी घ्यायची, सोळा जीबीच्या दोन स्टिक. भाव विचारला तर दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर आकडा मारून कॅल्क्युलेटरच माझ्याकडे वळवला. तोंडाने उच्चारायची त्यालाही लाज वाटली असावी. वर म्हणाला, "भिया, ये अभी का रेट है। शाम का नी पता।" आपला सराफा दिवसा सोनं विकतो आणि रात्री भुट्ट्याचा कीस. तिथे सोन्याचा भाव सकाळ-संध्याकाळ हलतो हे लहानपणापासून ऐकलंय. पण रॅमनेही तिथेच गादी टाकून बसावं?

कारण माहीत असलं की राग कमी होत नाही, फक्त नेमका होतो. जगातली बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅममधल्या मेमरी चिप, तीन कंपन्या बनवतात, दोन कोरियातल्या आणि एक अमेरिकेतली. एआयच्या डेटा सेंटरांना लागते ती एचबीएम, म्हणजे मेमरीच्या चिप एकावर एक रचून केलेली. तीही याच कंपन्या बनवतात. जीबीमागे सिलिकॉन जास्त खाते आणि नफाही जास्त देते. मग तुमच्या-आमच्या स्टिकसाठी कारखान्यात जागा उरते किती? २०२५ च्या उत्तरार्धात भाव सुटला तो असा. कुठेतरी कोणीतरी चॅटबॉटकडून मेव्हण्याच्या वाढदिवसाची कविता लिहून घेतो आणि तिची वर्गणी जेल रोडवर मी भरतो.

असो. "बिल किस नाम से?" असं विचारल्यावर मी आडनाव सांगितलं आणि तिथे घात झाला.

दुकानात एकच स्टूल होतं. त्यावर एक काका, मांडीवर लॅपटॉपची बॅग, बॅगेवर शेवेची उघडी पुडी.

"मराठी का? लोकमान्य नगर की राजेंद्र नगर?"

इंदुरात मराठी आडनाव कानावर पडलं की हा प्रश्न येतोच. उत्तर दिलं की ओळख झाली असं धरतात, आणि ओळख झाली की सल्ला द्यायचा अधिकार आपोआप येतो.

"किती घेतली?"

"बत्तीस जीबी."

"कशाला हो एवढी?"

"गेम खेळायला."

आपल्याकडे निम्मे गेमिंग पीसी 'अभ्यासासाठी' घेतलेले असतात आणि उरलेले 'व्हिडिओ एडिटिंगसाठी'. खरं बोलणारा माणूस बहुधा दुकानात पहिल्यांदाच दिसला असावा. काकांनी शेवेच्या पुडीचं तोंड दुमडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सबंध दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चार केबी."

"काय?"

"चार केबीत माणूस चंद्रावर गेला. चार. के. बी. आणि तुम्हाला घरी बसून उड्या मारायला बत्तीस जीबी?"

दुकानातला पोरगा हसला. स्क्रीनगार्ड लावून घ्यायला आलेल्या बाई हसल्या. दुकानदार माझ्याकडून एवढे पैसे घेणार होता, तोही हसला.

या वाक्यावर माझा जुना दात आहे. (एका जीबीत साधारण दहा लाख केबी बसतात.) ते खोटं नाही, अर्धं आहे, आणि अर्ध्या गोष्टीला उत्तर द्यायला दुप्पट वेळ लागतो. अपोलोच्या कंप्युटरात खोडता-लिहिता येणारी मेमरी २,०४८ शब्दांची होती (शब्द म्हणजे इथे सोळा बिटांचा गठ्ठा), म्हणजे साधारण चार केबी, हे बरोबर. पण प्रोग्राम त्यात नव्हताच. तो होता ३६,८६४ शब्दांच्या दुसऱ्या मेमरीत, आणि ती अक्षरशः विणलेली होती. तार चुंबकीय कडीच्या आतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या कारखान्यात बायका बसून हे विणायच्या. शिवाय जड हिशेब ह्यूस्टनला चालायचे, पाच आयबीएम मेनफ्रेमवर. आणि यानातला तो कंप्युटर चित्र म्हणून काही दाखवत नव्हता. अंकांच्या काही ओळी आणि थोडे दिवे, बस. माझ्या गेमला फोर-के पडद्यावर एका फ्रेमला ८२,९४,४०० ठिपके रंगवायचे असतात, सेकंदाला साठ वेळा. म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. ४०९६ गुणिले ४०९६ चं एक टेक्स्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, कपड्यावरची शिवण दिसावी इतपत, उघडं ठेवलं तर ६४ एमबी आणि दाबून बसवलं तर १६. अशी शेकडो लागतात. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेलं रॅममध्ये सांडतं. रॅमही भरली की एसएसडीवर, म्हणजे फायली ठेवायच्या संथ मेमरीवर, आणि मग शत्रू समोर आल्यावर नेमका गेम अडखळतो.

एवढं सगळं काकांना सांगणं शक्य नव्हतं. मी फक्त दुखरी जागा निवडली.

"काका, उतरताना त्या कंप्युटरचा अलार्म वाजला होता. १२०२. त्याचा अर्थच असा की नव्या कामाला मेमरीत जागा उरली नाही."

"पण उतरले ना?"

"उतरले."

"मग?"

या 'मग?'ला जगात उत्तर नाही. रडारच्या एका स्विचमुळे कंप्युटरला फुकटचं काम लागलं होतं. प्रोग्राम असा लिहिलेला होता की जागा संपली तर बिनमहत्त्वाची कामं टाकून द्यायची, रीस्टार्ट व्हायचं आणि उतरायचं काम जिथे होतं तिथून पुढे न्यायचं. हे सगळं त्या 'मग?'पुढे फिकं पडतं, कारण उतरले हे खरंच आहे.

"बरं, चंद्र सोडा," मी म्हणालो. "मंगळ घ्या. जानेवारी २००४. स्पिरिट नावाची गाडी उतरली आणि अठराव्या मंगळ-दिवशी गप्प झाली. का? फ्लॅश मेमरीत, म्हणजे साठवणीच्या जागेत, फायली फार साचल्या होत्या. चालू होताना त्या सगळ्यांची यादी रॅममध्ये घ्यावी लागायची आणि राखून ठेवलेली रॅम पुरेना. रीबूट, पुन्हा तेच, पुन्हा रीबूट. रॅम कमी पडली म्हणून गाडी जाणार होती काका!"

काकांनी शेवेची चिमूट तोंडात टाकली, शांतपणे चावली.

"म्हणजे फायली जास्त झाल्या."

"हो."

"पुसायच्या. मी रोज सकाळी सगळ्यांचे गुड मॉर्निंग पुसतो. मोबाईल लोण्यासारखा चालतो."

आता हे लिहिताना दात-ओठ खावे लागतात, पण नासाच्या लोकांनी शेवटी तेच केलं. गाडीला सांगितलं, फ्लॅशला हात न लावता चालू हो. मग नको त्या फायली पुसल्या. स्पिरिट पुढे २०१० पर्यंत बोलत राहिली. कॅलिफोर्नियात ज्याच्यासाठी मंडळी रात्री-रात्री जागली ते निदान काकांनी शेव खाताखाता केलं आणि लगेच मुद्दा बदलला. "मंगळावर पाणी शोधतायत म्हणे. आमच्या गल्लीत नर्मदा एक दिवसाआड. आधी नर्मदेचं पाणी चढवणारे जलूदचे पंप बघा म्हणावं."

काटकसरीचं मोल मला कळत नाही असं समजू नका. १९८५ चा सुपर मारिओ ४० केबीत बसतो. त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. नासाच्या व्हॉयजर-१ यानाच्या सगळ्या कंप्युटरांची मेमरी मिळून साधारण ७० केबी. २०२३ च्या शेवटी तिथली एक चिप गेली, तर २०२४ मध्ये तिच्यातला प्रोग्राम तुकडे करून उरलेल्या मेमरीच्या कोपऱ्या-कोपऱ्यांत बसवला, तोही २४ अब्ज किलोमीटरवरून. आज्ञा पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. असल्या माणसांनी मला बत्तीस जीबीबद्दल सुनावलं तर मी खाली मान घालून ऐकेन.

पण सुनावायचंच तर योग्य माणसाला सुनावा ना! गेम निदान डोळ्यांसमोर काहीतरी उभं करतो. ऑफिसच्या गप्पांचं सॉफ्टवेअर काय करतं? दोन ओळी मजकूर आणि एक अंगठा दाखवतं, आणि एक जीबी घेऊन बसतं. कारण आत एक अख्खा ब्राउझर कोंबलेला असतो. नोट्सच्या ॲपमध्ये दुसरा, गाण्यांच्या ॲपमध्ये तिसरा. प्रत्येकाने आपापला आणलाय, कारण विंडोज, मॅक, लिनक्ससाठी वेगळं लिहायचा कंपनीचा खर्च वाचतो. तो वाचलेला खर्च आपल्या रॅममध्ये येऊन राहतो. प्रिंटरचं सॉफ्टवेअर तर शाई संपली एवढं एकच वाक्य सांगायला दिवसभर मागे चालू असतं. यांना कोणी विचारत नाही, चार केबीत चंद्रावर गेले तर तुम्हाला काय झालं? बोलणी खायला गेमवालेच सापडतात. आमच्याकडे दिवे रंगीत असतात म्हणून असेल.

एवढ्यात पोरगा स्टिक घेऊन आला आणि काउंटरवरच्या टेस्टच्या मदरबोर्डावर लावू लागला. पहिल्या दोन खाचांत, शेजारी-शेजारी. मी म्हणालो, बाबा, चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी. शेजारच्या दोन एकाच चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर येतात आणि डेटा निम्म्या वेगाने जातो. त्याने नाराजीने काढून लावल्या. दोन्ही टोकांना दाबून कट्ट आवाज आला, सप्लाय चालू केला. पडदा काळा.

डीडीआर५ मध्ये हे असंच असतं. नवी रॅम लावली की बोर्ड पहिल्यांदा तिचं ट्रेनिंग करतं, म्हणजे कोणत्या तारेवर सिग्नल किती पुढे-मागे होतो ते तपासून जुळवून घेतं. याला काही मिनिटं लागतात आणि तोवर पडद्यावर काही येत नाही. करायचं एकच, हात बांधून बसायचं. मध्ये बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून.

"टोकांवर कार्बन आलाय," काका म्हणाले.

"काका, नवी आहे. आत्ता पाकीट फोडलं."

"नव्यालाच येतो. गोडाउनमध्ये पडून असते ना. रबर आण रे! सेंटवालं नको, साधं पांढरं."

आणि पोराने ऐकलं. पैसे देणारा मी, डीडीआर५ चं ट्रेनिंग समजावणारा मी, आणि त्याने खटकन सप्लाय बंद केला, ड्रॉवर उघडला, खोडरबर काढलं. म्हणजे ते ड्रॉवरमध्ये तयारच होतं! जुन्या, दमट जागी राहिलेल्या रॅमला रबराने कधीकधी फरक पडतो, नाही असं नाही. पण निम्म्या वेळा काम होतं ते स्टिक काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, आणि श्रेय रबराला जातं. टोकांवरचा सोन्याचा मुलामा मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. रबर तो खरवडतं आणि भुगा खाचेत सोडतं. पुसायचंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ कापड, हलका हात. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत पोराने दोन्ही बाजूंनी चार-चार हात मारले होते.

पुन्हा लावली, पुन्हा काळा पडदा. या वेळी मात्र काका आपल्या लॅपटॉपबद्दल सांगू लागले आणि सगळे तिकडे बघू लागले, म्हणून बोर्डाला कोणी हात लावला नाही. लॅपटॉप रांगतो, अकाउंटचं सॉफ्टवेअर उघडायला चहा होतो, आठ जीबीची सोळा करायची होती. पोरगा म्हणाला, "अंकल, इसमें रॅम सोल्डर है, नी बढ़ेगी।" खरंच होतं. चिप बोर्डावरच डाग देऊन चिकटवलेल्या, खाच नाही. घेताना जे घेतलं तेच आयुष्यभर. लॅपटॉप घेताना हे आधी विचारून घ्यायचं असतं, आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही.

काका माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर कसलाही अवघडलेपणा नाही.

"आठ जीबी म्हणजे काहीच नाही हो आजकाल."

मी तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी पडदा उजळला. ट्रेनिंग संपलं होतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर, बत्तीस जीबी, दोन्ही चॅनेल, वेग ४८००. खोक्यावर ६००० छापलेला असतो, पण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे वेग वाढवायचं सेटिंग चालू करेपर्यंत तो मिळत नाही. हे मी बोलत होतो. ऐकत कोणीच नव्हतं, कारण पोरगा दुकानदाराला सांगत होता, "देखा? अंकल ने बोला था, कार्बन है।" स्क्रीनगार्डवाल्या बाईंनी काकांकडे कौतुकाने पाहिलं. काकांनी पुडी माझ्यापुढे धरली. "घ्या, लवंगवाली आहे."

घेतली. शेव चांगली होती, ते वेगळं.

बिलात खाली 'टेस्टिंग चार्ज' म्हणून एक जास्तीची ओळ होती. हे कशाचे, विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "टाइम तो लगा ना, भिया।"