बाटलीतले बुडबुडे म्हणजे टाका उसवला?

सध्या फिरत असलेला फॉरवर्ड असा: ‘फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर नळीच्या बाटलीत बुडबुडे दिसले की टाका उसवला समजा. नळीला चिमटा लावायला सांगा. फिश्चुला म्हणाले तर पैसे घालवू नका, पेशंट घरी न्या.’

(ही नळी छातीत साचलेली हवा आणि पाणी बाहेर काढते; तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं.) आधी टाक्याचं. फुफ्फुसाचा एक लोब (मोठा भाग) काढताना शेजारच्या लोबचा पृष्ठभाग थोडाफार सोलवटतोच आणि तिथून हवा झिरपते. सुरुवातीचे काही दिवस खोकल्यासरशी बुडबुडे येणारच. 5 दिवसांपुढे गेली तर ती ‘लांबलेली गळती’. तीही बहुतेकांची आपोआप थांबते. नाहीच थांबली, तर रुग्णाचंच 50 ते 100 मिली रक्त काढून लगेच नळीतून छातीत सोडतात. ते गोठून गळती बुजवतं.

चिमट्याचा सल्ला मात्र जीवघेणा. हवा गळत असताना नळी बंद केली, की ती छातीत कोंडते, फुफ्फुस दाबते आणि हृदयाकडे परतणारं रक्तही अडवते. (अख्खं फुफ्फुस काढल्यावर काही सर्जन नळी मुद्दाम बंद ठेवतात, पण ते वेगळं प्रकरण, आणि निर्णय त्यांचा.) एक्स-रेला नेताना पाणी सांडेल म्हणून नळी दुमडून धरू नका. बाटली उभी आणि छातीच्या खाली ठेवा, पुरे.

फिश्चुला म्हणजे कापून बंद केलेल्या श्वासनलिकेच्या टोकालाच भोक पडणं. हे खरोखर जिवावरचं दुखणं आहे. अख्खं फुफ्फुस काढल्यावर उजवीकडे ते जास्त होतं, कारण डावं टोक महाधमनीच्या कमानीआड झाकलं जातं, उजवं उघडं राहतं. मधुमेह, स्टेरॉइड, कुपोषण, लांबलेला व्हेंटिलेटर यांनी धोका वाढतो; प्रत्येक वेळी सर्जनचा हातच चुकलेला नसतो. अचानक खोकला लागून पातळ, लालसर पाणी पडायला लागलं, तर रुग्णाला ऑपरेशन झालेल्या कुशीवर वळवायचं आणि लगेच डॉक्टरांना हाक मारायची. दुसऱ्या कुशीवर वळवलं तर ते पाणी चांगल्या फुफ्फुसात उतरतं.

पुढे नळी, अँटिबायोटिक, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका आतून पाहणं). भोक अगदी बारीक असेल तर दुर्बिणीतूनच ग्लू. लवकर सापडलं आणि तब्येत झेपणारी असेल तर पुन्हा टाके घालून वर स्नायूचा किंवा पोटातल्या ओमेंटमचा (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा) थर. पू झाला असेल तर बरगडीचा तुकडा काढून छातीला खिडकी ठेवतात, रोज ड्रेसिंग करतात आणि पोकळी स्वच्छ झाल्यावर ती बंद करतात. फुफ्फुस काढल्यानंतरच्या पूसाठी क्लॅगेट या सर्जननी ही पद्धत 1963 मध्येच मांडली होती. यात महिने जातात, खर्चही होतो. पण यातलं काहीही ‘घरी नेऊन’ होत नाही.