दोन टायमाची मेहनत

कोल्हापुरात गंगावेशीतला दूध कट्टा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. दूध कोमट असतं, पिणाऱ्याच्या ओठांवर पांढरी मिशी उमटते. कच्चं दूध पिऊ नका, उकळून प्या, असं डॉक्टर सांगतात. त्यांचं बरोबरच आहे, पण गर्दी काही हटत नाही. आम्ही चार-पाच जण सातच्या सुमाराला तिथं जमतो. दूध हे निमित्त. खरं काम तोंडाचं.

परवा सोन्या आला तो लंगडत. हातात बॅग, पायात फ्लोरोसंट बूट. जारवाल्यानं त्याच्यापुढं ग्लास केला तर म्हणतो, "नको, अजून पळायचंय."

"सकाळी जिमला गेलतास न्हवं?" जारवाला.

"गेलो की. छाती-खांदे मारलं. आता सात किलोमीटर."

"म्हंजे दोन टायमाला?"

"डबल सेशन. गेलं दोन महिनं तेच चाललंय."

बस्स. त्या दिवशीचा विषय मिळाला. शिमगा तोंडावर आलेला, कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

जारवाल्यानं पहिला हात मारला. हा दिवसभर वीस लिटरचे पाण्याचे जार खांद्यावरून तीन-तीन जिने वर नेतो. त्याचं म्हणणं साधं होतं: "हितं एकदा करायला टाइम न्हाई आणि ही दोनदाची भाषा. माझा बा दिवसभर ऊस तोडायचा, त्याला कुणी सांगितलं व्हतं का सकाळ-संध्याकाळ मेहनत कर म्हणून?"

हे वाक्य दर चर्चेत कुणीतरी म्हणतंच, आणि बाकीचे माना डोलावतात. या वेळी आप्पांनी डोलावली नाही. आप्पा म्हणजे जुने पैलवान, बारा वर्षं तालमीत काढलेली, आता अडुसष्ट वय. ते म्हणाले, "तुझा बा साठीत वाकला व्हता. राबणं येगळं, मेहनत येगळी. जार तू उजव्याच खांद्यावर घेतोस. बघ जरा आरशात, एक खांदा खाली आलाय का न्हाई. मेहनतीत आम्ही दोन्ही अंगं सारखी करायचो, आणि दमलो की बसायचो. ऊस तोडणाऱ्याला कोण बसू देतंय?"

जारवाल्यानं हळूच शर्टाचा खांदा सारखा केला. आम्ही बघितलं नाही असं दाखवलं.

सोन्याला वाटलं आप्पा आपल्या बाजूचे. "तेच म्हणतोय मी. आप्पांनीबी दोन टायमाला केलंय. सगळे पैलवान करतात. नॉर्वेचा तो इंगेब्रिग्तसेन, टोकियोला १५०० मीटरचं सोनं, पॅरिसला ५००० मीटरचं, तोबी एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळेला जोरात पळतो. डबल थ्रेशोल्ड म्हणतात त्याला."

इथं मास्तर जागे झाले. मास्तर शाळेत पीटीचे शिक्षक होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण शिट्टी अजून खिशात असावी असा मला संशय आहे. "जोरात पळत नाही," ते म्हणाले. "तिथंच तुझी गाडी चुकली. ती पोरं मधेमधे थांबून बोटातनं नाहीतर कानातनं रक्ताचा थेंब काढतात, लॅक्टेट मोजतात. जोर वाढला की रक्तात ते वाढतं. कशासाठी? जास्त जोरात गेलो का ते बघायला. आकडा चढला की वेग कमी करायचा. म्हणजे ते मीटर त्यांना पळवायला नाही, आवरायला आहे. जमत असून मागं राहतात, म्हणून संध्याकाळी परत पळता येतं. आणि हे रोज नाही, आठवड्यातले ठरावीक दोन दिवस. तू सकाळी किती करतोस?"

"फेल्युअरपर्यंत."

"म्हणजे हात उचलेनासा होईपर्यंत. आणि संध्याकाळी?"

सोन्यानं घड्याळ दाखवलं. कालच्या पळण्यात नाडी सरासरी १७० च्या वर.

मास्तरांना असं काही दाखवलं की ते आयुर्वेदातल्या वाग्भटावर जातात. तसेच गेले. त्याच्या अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा असं आहे, तेही थंडीत आणि वसंतात. बाकीच्या दिवसांत त्याहून हलका. आणि तो अर्धाही कुणासाठी, तर जे बलवान आहेत आणि स्निग्ध खातात त्यांच्यासाठी. आप्पा खूश झाले. "म्हंजे तूप खाणाऱ्यालाच सांगितलंय. हा ओट खाऊन पळायलाय."

मग आप्पांनी त्यांच्या तालमीतला दिवस सांगितला. तो मी आधीही ऐकला होता, पण ज्या भागाकडं कधी लक्ष दिलं नव्हतं तो या वेळी नीट कानावर पडला. पहाटे चारला उठायचं. आधी फावड्यानं आखाडा उकरायचा, तीच अर्धी मेहनत. तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर. नवीन माती पडली की हाताला आठवडाभर कापराचा वास. मग लढती, उजाडून वर येईपर्यंत. नंतर थंडाई. कुंडी पायांत धरून बदाम, खसखस, बडीशेप, मिरी लाकडी दांडक्यानं घोटायची. घोटताना थांबलं की वस्ताद नुसते बघायचे. संध्याकाळी परत जोर, बैठका, दोर.

"आणि दुपारी?" मी विचारलं.

"दुपारी झोप. जेवलं की तालमीतच घोंगडं टाकून आडवं. दोन-अडीच तास. चिडीचूप. एखादं पोरगं बाहेर हिंडताना दिसलं तर वस्ताद काठी घ्यायचे. मेहनत चुकली तर बोलणी बसायची, झोप चुकली तर मार."

मास्तर ताडकन सोन्याकडं वळले. "झोपतोस किती?"

सोन्या दुसरीकडं बघायला लागला. आयटीतला माणूस, अमेरिकेच्या वेळेचं काम. रात्री पळून आला की अंघोळ, जेवण, मग साडेअकरापर्यंत कॉल. बारा-साडेबाराला आडवा. पाचला गजर. दुपारी? दुपारी मीटिंग.

"म्हंजे साडेचार तास," जारवाला म्हणाला. हिशेबाला तो पक्का आहे.

"वीकेंडला भरून काढतो."

"पैलवानाचं सकाळ-संध्याकाळ तेवढं घेतलंस," मी म्हणालो, "मधली दुपार घेतलीच नाहीस." मला वाटलं मी फार भारी बोललो. पण त्याच क्षणी एका म्हशीनं शेपूट फिरवली आणि सगळ्यांचं लक्ष ग्लास वाचवण्याकडं गेलं.

मास्तरांनी मात्र धागा सोडला नाही. त्यांचं म्हणणं असं. मेहनत करताना ताकद वाढत नाही, तेव्हा स्नायू झिजतो. भरतो तो नंतर, खाण्यात आणि झोपेत. जड वजनं मारली की स्नायूंची ती डागडुजी दिवस-दोन दिवस चालू असते. लांब पळून स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, रिकामं केलं तर नीट भात-भाकरी खाऊनसुद्धा ते पुरतं भरायला साधारण एक दिवस लागतो. मधे आठच तास असतील तर पहिल्या सत्रानंतर लगेच खायला बसावं लागतं. "आणि तू काय करतोस?" यावर कळलं की सोन्या सकाळी उपाशीपोटी जातो आणि पहिलं खाणं दुपारी एकला. इंटरमिटंट फास्टिंग. आप्पांनी नुसतं "आगं आई" म्हटलं.

सोन्याही काही कच्चा नाही. तो उसळला. "मग खाशाबा जाधवांनी काय केलं? हेलसिंकीला एका मागोमाग लढती लढले, तिथं कोण झोपलं?"

आप्पांसमोर खाशाबांचं नाव घेणं म्हणजे धाडसच. आप्पा शांतपणे म्हणाले, "तेच तर सांगतोय. १९५२ ला जपानच्या इशीबरोबर लढत लांबली. ती झाली न झाली तोवर रशियाच्या पैलवानाबरोबर उभं केलं. मधे अर्धा तास इश्रांती द्यायचा नियम व्हता. पण ती मागायला आपला एक अधिकारी तिथं जागेवर न्हवता. असं आम्ही तालमीत ऐकत आलोय. काशाचं पदक आलं. त्यो अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, यावर तालमीतली पोरं रात्र-रात्र भांडायची."

कट्टा जरा गप्प झाला. गोळेश्वरच्या त्या माणसाला ऑलिंपिकमध्ये जे मिळालं नाही ते सोन्या रोज आपल्या हातानं टाकून देत होता. मी हे बोललो नाही. एक वाक्य म्हशीनं खाल्लं होतं, दुसरं वाया घालवायचं नव्हतं.

आता माझं. मीही दिवसातून तीनदा व्यायाम करतो. हे सांगितल्यावर सगळे हसले, कारण माझं पोट हे कट्ट्याचं सार्वजनिक दैवत आहे. पण खरं आहे. मागच्या दिवाळीत माझी तीन महिन्यांची साखर ६.१ निघाली. मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदम तास काढू नका, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. म्हणजे शतपावलीच, फक्त शंभरावर थांबायचं नाही. स्नायू हलत असताना रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतो. त्यामुळं जेवणानंतर साखर चढायला लागते तेव्हाच पाय हलवलेले बरे.

"याला व्यायाम म्हणायचं?" मास्तर. त्यांच्या मते घाम, शिट्टी आणि सलग अर्धा तास यांशिवाय व्यायाम नाही. तुकडे पाडणं म्हणजे पळवाट.

मी अभ्यास काढला. २०१३ मध्ये अमेरिकेत साठी ओलांडलेल्या, साखर वाढलेल्या लोकांवर केलेला. सलग पंचेचाळीस मिनिटं चालणं आणि जेवणानंतर तीनदा पंधरा मिनिटं चालणं, दोन्हींनी दिवसभराची साखर सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर मात्र तुकड्यांचाच परिणाम जास्त.

"किती लोकं होती?"

"दहा."

"दहा!" मास्तरांनी हात वर केले. "दहा जणांत तर खो-खोचा संघबी होत नाही."

ते खरंच. पण जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० मध्ये जुनी अट काढून टाकली. आधी सलग दहा मिनिटं असेल तरच मोजायचं, असं होतं. आता जिना चढलात तरी हिशेबात. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकदीचा, तो कसा वाटायचा हे तुमचं तुम्ही बघा. हे ऐकून जारवाल्याची छाती फुगली. "मग माझं सोमवारीच पुरं हुतंय की." आप्पा म्हणाले, "डाव्या खांद्यावर घे आधी."

मला कळलं ते एवढंच, आणि ते तिथंच मांडलं: मी आहे तेवढंच काम तीन ठिकाणी वाटतोय, सोन्या काम दुप्पट करतोय. 'दिवसातून अनेकदा' हा शब्द दोघांनाही लागतो म्हणून आम्ही तासभर भांडलो. आप्पांनी दुप्पट केलं, पण त्यांच्याकडं त्याशिवाय दुसरं काम नव्हतं. गावानं, घरानं, वस्तादानं मिळून एका पोराला पोसलं होतं ते याच्यासाठी.

आप्पांना ते आवडलं असावं, कारण मग ते स्वतःच्या गुडघ्यांवर आले. सहसा येत नाहीत. कुस्ती सुटली तेव्हा ते तिशीचे होते. मेहनत बंद झाली, खुराक सुटला नाही. वजन ११८ वर गेलं. हजार-हजार बैठका मारलेले गुडघे आता कट्ट्यावरून उठताना आवाज करतात. "मला बघून शिकू नका," ते म्हणाले. "मी बारा वरीस बरोबर केलं आणि तीस वरीस चूक."

सोन्या आता गप्प होता. मास्तरांनी त्याला बूट काढायला लावला. पॅन्ट वर करून नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा ठेवला आणि वरून खाली दाबत गेले, सुतार फळी तपासतो तसे. वर काही नाही. मधे काही नाही. घोट्यापासून चार बोटं वर अंगठा थांबला आणि सोन्यानं कट्ट्याची कड घट्ट धरली.

"सगळीकडं दुखत असतं तर मी म्हणालो असतो, विश्रांती घे. इथं एका रुपयाएवढ्या जागेवर दुखतंय. हे हाडाचं असू शकतं. हाडाच्या डॉक्टरला दाखव, तोवर पळणं बंद. सकाळी उठल्याबरोबरची नाडी किती असते?"

घड्याळात होतं. दोन महिन्यांपूर्वी ५८. या आठवड्यात ६७.

"घड्याळ दोन महिनं तुला सांगतंय," आप्पा म्हणाले. "तू नुसतं किलोमीटर वाचतोस."

त्या संध्याकाळी सोन्या पळाला नाही. दोन ग्लास दूध प्याला, आणि उपवास मोडला असं घड्याळात नोंदवलं का, असं जारवाल्यानं विचारल्यावर त्यानं त्याला शिवी दिली. मास्तर अजून म्हणत होते की शतपावली म्हणजे व्यायाम नाही. मी अजून म्हणतोय की आहे.

दुसऱ्या दिवशी तो कट्ट्यावर आला नाही. डॉक्टरकडं गेला असेल, मी म्हणालो. झोपला असेल, मास्तर. तेवढ्यात जारवाला आला, या वेळी जार डाव्या खांद्यावर.

"रंकाळ्यावर बघितला की मगाशी."

आप्पांनी ग्लास खाली ठेवला. "पळत व्हता?"

"न्हाई. चालत व्हता. पर घड्याळात बघत."