पिस्टन मोजून बोअर मारा, एवढंच सांगितलं होतं

डोकं फिरलंय माझं. बाबांची १९८२ ची येझदी रोडकिंग आहे. गेले आठ महिने रात्री जेवण झालं की पार्किंगमध्ये बल्ब लावून इंजिनाला बसतोय. क्रँकला नवा रॉड टाकून घेतला, बेअरिंगं बदलली, दोन्हीकडचे ऑइल सील नवे घातले. टू-स्ट्रोकमध्ये सील हवा ओढायला लागला की पेट्रोल-ऑइल कमी पडतं आणि पिस्टन जळतो, म्हणून तिथे एक रुपयाही वाचवला नाही.

घरी होत नाही असं एकच काम उरलं होतं, ते म्हणजे बोअर: ज्या ब्लॉकमध्ये पिस्टन वर-खाली होतो, त्याचं भोक मशीनवर नव्या पिस्टनच्या मापाने मोठं करणं. आणि नेमकी तिथेच माती झाली.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. जुन्या स्टॉकमधला ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन शोधण्यात चार महिने गेले. तो ब्लॉकसोबत लेथवाल्याच्या हातात दिला आणि दोनदा बजावलं, "दादा, आधी पिस्टन मोजा, स्कर्टपाशी. मग क्लिअरन्स ठेवून बोअर मारा." (स्कर्ट म्हणजे पिस्टनचा खालचा भाग. क्लिअरन्स म्हणजे पिस्टन तापून फुगला तरी अडकू नये म्हणून ठेवायची फट.) म्हणाला, "भाऊ, चाळीस वर्षं हेच करतोय, हाताला कळतं." पिस्टन कागदातून बाहेरसुद्धा काढला नाही हो त्याने! खोक्यावरचा आकडा वाचला आणि मशीन चालू केलं. मीही विश्वास ठेवून ब्लॉक तसाच बसवला.

त्र्यंबक रोडला महिरावणीपाशी गाडी जाम झाली. स्पीड चाळीससुद्धा नव्हता. मागचं चाक एकदम लॉक, मी कसाबसा क्लच दाबला म्हणून वाचलो. मागून ट्रक असता तर?

घरी येऊन ब्लॉक उतरवला. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे, नख अडकेल इतके खोल. वरची रिंग अॅल्युमिनियम वितळून खाचेतच चिकटलेली. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये डायल गेज लावून मोजलं, तर पाहिजे त्याच्या निम्माही क्लिअरन्स नव्हता. पहिल्याला दाखवलं तर म्हणे, "रनिंग नीट केली नसेल तुम्ही." म्हणजे नवा पिस्टन बसेपर्यंत गाडी हळू चालवली नाही, असा आरोप.

पैशाचं मी सोडून देईन. पण ब्लॉकचं कापलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, परत येत नाही! ब्लॉक आता ०.७५ वर जाणार, मग १.०० आणि त्यानंतर आत नवीन स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं अस्तर, ठोकावं लागणार. बाबांनी एवढी वर्षं सांभाळलेल्या ब्लॉकचा एक अख्खा साइज या माणसाने पाच मिनिटं वाचवायला खाल्ला.

आणि हे कुठे, तर नाशकात! ओझरच्या विमान कारखान्यात मिग बनले, सुखोई बनले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पोरं दिवसभर मायक्रोमीटर हातात धरून शतांश मिलिमीटरवर माल रिजेक्ट करतात. त्याच शहरात माझा एक पिस्टन मोजायला कुणाला वेळ नाही. "जुनी गाडी आहे, चालतंय." नाही चालत! जुनी आहे म्हणूनच चालत नाही.

०.७५ चा पिस्टन अजून मिळालेला नाही. मिळाला की स्वतः मायक्रोमीटर घेऊन मशीनशेजारी उभा राहणार आहे. आकडा माझ्यासमोर कागदावर लिहिल्याशिवाय ब्लॉकला हात लावू देणार नाही.